रिकाम्या ढिगाऱ्याचा श्वास

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि ते भिंतीवरच्या पोस्टरच्या इतके जवळ गेले, की नाक आलेखाला टेकायचंच बाकी राहिलं.

"ही तारीख बरोबर आहे का गं?"

"कुठली?" तिने वळून पाहिलं नाही. अँटेनाला केबल जोडायची म्हणजे आटे हळू, एकेक करत बसवावे लागतात. नजर हलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"ह्या मधल्या चित्राखालची. आणि वेळ. अकरा वाजून बारा मिनिटं."

"यंत्रच छापतं ते, काका. त्यात काय चुकणार?"

चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत तेच वाचलं. मग स्टुलावर बसले. काम पुढ्यात असताना ते बसलेले या प्रयोगशाळेत कोणी पाहिले नव्हते. ती वळली ती त्यामुळेच.

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत व्हरांड्याच्या दारापाशी, भिंतीपासून थोडी जागा सोडून विटांचा ढिगारा होता. खराखुरा, पडलेल्या घराचा वाटावा असा. प्रयोगशाळेचे जुने मदतनीस असलेल्या काकांनीच तो रचला होता, आणि पोटात माणूस आडवा होईल एवढी पोकळी ठेवली होती. त्या पोकळीत गेली चार वर्षं काकाच आडवे होत होते. ढिगाऱ्यासमोर अँटेना, अँटेनाच्या मागे हातभर अंतरावर टेबल, आणि टेबलाशी ती. अँटेनातून लहरी सुटायच्या, विटांतून पार जायच्या, काकांच्या छातीवर आपटून परत यायच्या. छाती वरखाली झाली की पडद्यावरची रेषा वरखाली व्हायची. उद्या खरंच कुठे घर कोसळलं, तर आत कोण जिवंत आहे ते विटेला हात न लावता कळावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणायचे. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून. तिला ते नाव आवडत नसे, पण ते खोटं आहे असंही तिने कधी म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी बचाव दलाचे प्रमुख यंत्र बघायला यायचे होते. आज मंगळवार.

"त्या दिवशी त्या वेळेला मी आत नव्हतो," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"नात झाली ना माझी त्या दिवशी. फोन आत न्यायचा नाही हा तुझा नियम, पण मी मोज्यात लपवला होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी जावईबापूंचा फोन आला. मागची फळी सरकवून मी व्हरांड्यात गेलो. पाचसात मिनिटं झाली असतील. परत आलो, आडवा झालो. तू मान खाली घालून बसली होतीस. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

तिने पोस्टरकडे पाहिलं. चार वर्षांतला सगळ्यात सुंदर आलेख होता तो. एकसारख्या, गोल, शांत लाटा, मिनिटाला चौदा. तिचे मार्गदर्शक सर प्रत्येक पाहुण्याला आधी तोच दाखवायचे. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरही तोच होता.

"तुमचं घड्याळ पुढे असेल," ती म्हणाली.

"नात झाल्याच्या फोनची वेळ आहे ती, पोरी. पत्रिकेतल्या वेळेसारखी पाठ आहे मला."

ती उठून ढिगाऱ्यामागे गेली, मागची फळी काढून पोकळीत टॉर्च मारला, आत कोणी नाही हे डोळ्यांनी बघून घेतलं. काकांना म्हणाली, "तुम्ही व्हरांड्यात थांबा. दार लावून घ्या." मग टेबलाशी बसून यंत्र चालू केलं.

रेषा क्षणभर थरथरली आणि लाटा यायला लागल्या. एकसारख्या, गोल, शांत.

तिने मुद्दाम भरभर श्वास घेतला. लाटा भरभर झाल्या. तिने श्वास रोखला. रेषा सपाट झाली. सोडला, रेषा उसळली. चार वर्षं हे यंत्र तिचाच श्वास तिला दाखवत होतं. अँटेना पुढे बघतो खरा, पण थोडं थोडं मागेही त्याला ऐकू येतं. आणि मागे हातभर अंतरावर बसलेली ती, विटांआडच्या काकांपेक्षा त्याला दसपटीने जवळ होती.

रिकामं वाचन घेतलं नव्हतं असं नाही. दर सोमवारी घेतलं जात होतं. ढिगारा रिकामा ठेवायचा, यंत्राला वेळ लावून द्यायची, आणि खोलीत चिटपाखरू राहू नये म्हणून तिने स्वतःही बाहेर जायचं. दारावर कागदही चिकटवला होता: 'रिकामं वाचन चालू आहे. आत येऊ नये.' तो कागद चार वर्षांत तीनदा बदलला, इतकी ती त्याबाबत काटेकोर. रेषा दर वेळी सपाट यायची आणि सगळे खूश व्हायचे. सपाट येणारच होती. श्वास घेणारी बाईच बाहेर उभी होती. एखादी ढिसाळ मुलगी असती, कंटाळा करून आतच बसून राहिली असती, तर पहिल्याच सोमवारी चूक पकडली गेली असती. तिला हसू आलं आणि लगोलग रडूही आलं. मग तिने नाक पुसलं आणि सरांच्या खोलीचं दार वाजवलं.

सरांनी सगळं ऐकलं. दोनदा ऐकलं. मग हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

"शुक्रवारी तू लांब बस," ते म्हणाले. "खोलीच्या त्या टोकाला. केबल पुरेल. नंतर निस्तरू आपण."

"आणि खरं घर पडेल तेव्हा, सर? ढिगाऱ्याभोवती दलाची माणसं असणार, शेजारीपाजारी असणार. सगळे श्वास घेणारेच असतात. यंत्र म्हणेल इथे खणा, आणि ते रिकाम्या जागी खणत बसतील. ज्याला खरंच काढायचंय तो पलीकडे..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. सरांनीही करायला लावलं नाही.

"दलाने एकदा नाही म्हटलं तर ते दुसरीकडचं यंत्र घेतील. मग ह्या कामाला कोणी विचारणार नाही. तुझा प्रबंध कपाटात पडून राहील. कळतंय ना?"

"कळतंय. तीन दिवस आहेत. जमलं तर दाखवू, नाही जमलं तर मी स्वतः त्यांना सांगेन की जमलं नाही. आणि चूक काय होती ते तर आजच कळवणार आहे."

"आजच?"

"हो."

"अगं, आपल्याच पायावर धोंडा..." सर थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला. "बरं, लिही. मला आधी दाखव. व्याकरणाच्या चुका तरी नकोत."

संध्याकाळी आईचा फोन आला. "आवाज का असा? जेवलीस का दुपारी?" ती म्हणाली, "आई, चार वर्षांचं काम चुकलं." आई म्हणाली, "सुधारतेयस ना? मग जेवून घे आणि सुधार." ती जेवली.

बुधवारी तिने दुसरा अँटेना आणला आणि पहिल्याच्या पाठीला पाठ लावून मागे तोंड करून बसवला. हिशेब सोपा होता. पुढचा अँटेना सगळ्यांना ऐकतो, ढिगाऱ्यातल्यालाही आणि बाहेरच्यांनाही. मागचा फक्त बाहेरच्यांना. एकातून दुसरा वजा केला की उरेल तो ढिगाऱ्यातला. कागदावर हे अर्ध्या तासात झालं. पडद्यावर मात्र दिवसभर नाकी नऊ आले. ढिगारा रिकामा, आणि रेषा अर्धवट लाटा दाखवतेच आहे. एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा तिचा श्वास जाता जात नव्हता.

"काका, ह्या दोन केबली एका लांबीच्या आहेत?"

काकांनी दोन्ही सोडवून जमिनीवर शेजारी शेजारी सरळ केल्या. एक दुसरीपेक्षा चार बोटं लांब निघाली.

"चार बोटांनी काय होतंय म्हणू नका," ती म्हणाली.

"मी आता कुठल्याच बाबतीत तसं म्हणणार नाही," काका म्हणाले, आणि नवी केबल कापायला बसले. मापून कापली, टोकं सोलली, कथलाचा डाग दिला, परत मापली. इतक्या हळू, की तिला त्यांच्या हातातून ओढून घ्यावीशी वाटली. पण काकांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. गुरुवारी दुपारी दोन्ही केबली जोडल्या आणि ती टेबलाशी बसून मोठमोठे श्वास घेत राहिली. रेषा झोपली ती उठलीच नाही. इतकी सुंदर सपाट रेषा तिने जन्मात पाहिली नव्हती.

मग काका आत आडवे झाले. लाटा आल्या. ठेंगण्या, जरा खडबडीत, मधेच एखादी अडखळणारी. पोस्टरवरच्या आलेखापुढे अगदी गरीब दिसणाऱ्या. पण काकांच्या.

"आणि आतल्या माणसाने श्वासच घेतला नाही तर?" बाहेर येऊन विटांची धूळ झटकत काकांनी विचारलं.

"तर सपाट."

"बाहेर कितीही माणसं असली तरी?"

"तरी."

काकांनी मान डोलावली. संध्याकाळी ती हात धुवायला गेली तेव्हा ते बेसिनपाशी गाल फुगवून भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून उभे होते. "दात दुखतोय का?" तिने विचारलं. काकांनी तोंड न उघडता नकारार्थी मान हलवली.

शुक्रवारी दलाचे प्रमुख आले ते सहा धिप्पाड माणसं घेऊन. तिचं पत्र त्यांच्या हातात होतं, घड्या पडलेलं. म्हणजे वाचलेलं.

"स्वतःची चूक आधी कळवणारं पत्र मला पहिल्यांदाच आलं," ते म्हणाले. त्यात कौतुक होतं की शंका, ते तिला कळेना. "आता मला सांगा, ही लाट तुमचीच नाही कशावरून? किंवा माझी?"

"तुम्ही सगळे टेबलाभोवतीच उभे राहा. जितके जवळ तितकं चांगलं."

सर दाराशी उभे होते, खिशातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत. काका ढिगाऱ्यात गेले. मागची फळी लागल्याचा आवाज आला. तिने यंत्र चालू केलं. ठेंगण्या, खडबडीत लाटा यायला लागल्या.

"ठीक," प्रमुख म्हणाले. "पण इथे आठनऊ माणसं आहोत. एखाद्याची..."

तेवढ्यात रेषा सपाट झाली.

तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. केबल निसटली? वजाबाकी जास्त झाली? आत्ता, नेमकं आत्ताच? सरांनी डोळे मिटून घेतलेले तिला दिसले. दहा सेकंद गेले. पंधरा. तिला यंत्र बंद करून परत लावायची अनावर इच्छा झाली. पण जे दिसतंय ते पुसायचं नाही, हे तिने मंगळवारीच ठरवलं होतं. मांडीवर दोन्ही हात दाबून ती बघत राहिली. खोलीत नऊ माणसं श्वास घेत होती. तिला त्यांचे श्वास ऐकू येत होते. रेषा मात्र हलेना. पंचवीस सेकंद.

"काढा त्यांना!" प्रमुख ओरडले आणि एका ढांगेत ढिगाऱ्यापाशी पोचले. सहाही माणसं त्यांच्यामागे. कोणी काही विचारलं नाही. विटा उचलल्या जाऊ लागल्या, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, भराभर, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

रेषा उसळली. एकदम उंच, मग परत, मग परत, धापा टाकणारी.

"अहो, थांबा! माझा ढिगारा मोडू नका!" आतून आवाज आला. वरच्या मोकळ्या झालेल्या भोकातून काकांचं लालबुंद तोंड दिसलं. ते प्रमुखांकडे नाही, तिच्याकडे बघत होते. "सपाट आली का गं?"

तिने मान डोलावली.

"किती वेळ?"

तिने पडद्यावर बघून मोजलं. "अडतीस सेकंद."

"मी चाळीस मोजले."

"तुम्ही भरभर मोजलेत, काका," ती म्हणाली.

दलाचे प्रमुख अजून तिथेच उभे होते. छाती धपापत होती, हातात वीट होती. ती त्यांनी कधी उचलली, कशावर विश्वास ठेवून उचलली, हे त्यांना आत्ता कुठे कळत असावं. त्यांनी विटेकडे पाहिलं, मग मागे वळून पडद्याकडे. तिथे काकांच्या लाटा हळूहळू ठेंगण्या होत होत्या.

त्यांनी वीट होती तिथे परत ठेवली. हात झटकले.

"हे यंत्र उचलून न्यायला माणसं किती लागतात?" त्यांनी विचारलं.