मागच्या दाराची माणसं

पडघ्याच्या गोदामाचं गेट उघडणारा तो सी भाषेतला प्रोग्राम बघूनच दुरुस्तीला आलेल्या धम्मदिनाला शिसारी आली. कामगारांच्या कार्डावरचा हेक्स नंबर, म्हणजे आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून झालेला नंबर, कॉम्प्युटरच्या बाईटमध्ये बदलताना त्याला फक्त कॅपिटल अक्षरं कळायची. स्मॉल अक्षर आलं की हा शहाणा सरळ शून्य धरायचा आणि गेट उघडायचंच नाही. दोन वर्षांपूर्वी वाटलेल्या नव्या चाळीस कार्डांवर सगळी अक्षरं स्मॉल होती. म्हणून ती चाळीस माणसं तेव्हापासून गटार ओलांडून मागच्या दाराने ड्युटीवर येत होती.

तिने दोन ओळी घातल्या. गेट उघडलं.

"कशाला मॅडम?" मॅनेजर हितेश म्हणाला. "त्यांना मागून यायची सवय झालीय."

धम्मदिना उठली. मागच्या दाराला कुलूप ठोकलं आणि चावी त्याच गटारात भिरकावून दिली.