डावीकडे ही

बाबांनी तिसरी जोडीही नाकारली, तेव्हा माझा पारा चढला.

"हा आवाज खातो," ते म्हणाले. "हिचा आवाज तर पार गिळलाय."

सकाळपासून दुकानदाराने तीन जोड्या स्पीकर लावून दाखवले होते. माणूस सोशिक होता. प्रत्येक वेळी मागे जाऊन वायरी बदलायच्या, बाबांना मधल्या खुर्चीत बसवायचं आणि आमची कॅसेट पहिल्यापासून लावायची. त्याच्याकडची झकपक गाणी बाबांनी ऐकलीसुद्धा नाहीत.

कॅसेटमध्ये गाणं-बिणं काही नाही. आई आणि मावशी विणत बसल्यात आणि स्वेटरच्या बाहीवरून भांडताहेत, एवढंच. बाबांनी दोघींपुढे एकेक माईक ठेवून ते टेप केलं होतं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी सहाला खुर्चीत बसून ते भांडण ऐकायचे. दोन महिन्यांपूर्वी जुन्या स्पीकरचा पडदा फाटला, आईच्या आवाजात खरखर यायला लागली आणि बाबांनी टेप लावणंच सोडलं. सहा वाजले की पांघरूण घेऊन पडायचे. मला ते बघवेना. काही झालं तरी त्यांना त्या खुर्चीत परत बसवायचं, असं ठरवून मी त्यांना इथे ओढून आणलं होतं.

"बाबा, आईचा आवाज स्वच्छ येतोय," मी म्हणाले.

"तुला येत असेल. मला तुझी मावशीच खणखणीत ऐकू येतेय. आणि ही पुटपुटतेय. घरी बरोबर उलटं असतं."

हे मात्र खरं होतं. मावशी पुटपुटते, ही बाबांची वर्षानुवर्षांची तक्रार होती. तशी त्यांच्या मते पोस्टमन, डॉक्टर आणि बातम्या देणाराही पुटपुटायचा. एका आजारपणात बाबांचा डावा कान गेला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक बाबा सोडून.

दुकानदाराने वायरी पुन्हा तपासल्या. "काका, डावी डाव्याला, उजवी उजव्याला. जोडणी बरोबर आहे. तुमच्या घरची उलटी झाली असेल."

झालं. मी मनात म्हटलं, आता आपलं सामान गुंडाळा.

"मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं जोडण्या केल्यात," बाबा हळू आवाजात म्हणाले. ते चिडले की आवाज खाली जातो. "दहा हजार जोड्या. एक वायर इकडची तिकडे नाही झाली."

दुकानदाराने कॅसेटची डबी उचलली, आतला कागद उलटा केला आणि बाबांचंच टपोरं अक्षर वाचलं. "डावीकडे ही. उजवीकडे मेहुणी." मग त्याने विचारलं, "ही म्हणजे कोण?"

"ही म्हणजे ही," बाबा म्हणाले. त्यांना यापेक्षा वेगळं कधी सांगताच आलेलं नाही.

"माझी आई," मी सांगितलं.

बाबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. माईक त्यांनीच ठेवले होते, लिहिलंही त्यांनीच होतं. म्हणजे दुकानात आई तिच्या जागी होती. घरीच ती भलत्या बाजूने बोलत होती.

"पहिली जोडी बांधून द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ते टॉर्च घेऊन टेप ठेवलेल्या कपाटामागे वाकले. मीही वाकले. डावीकडची वायर उजव्या स्पीकरला गेली होती आणि उजवीकडची डाव्याला. सुटू नये म्हणून प्रत्येक टोकाला हिरवी लोकर बांधली होती. गाठ दुहेरी होती, विणकाम संपवताना आई मारायची तीच.

"ही वायरीला हात लावायची नाही," बाबा म्हणाले. "शॉक बसेल म्हणायची."

"बाबा, आई जेवायला तुमच्या कुठल्या बाजूला बसायची?"

"उजव्या."

"पहिल्यापासून?"

ते आठवत राहिले. "नाही. आधी डाव्या बाजूला बसायची. मग एकदम बदलली. इकडे वारा छान लागतो म्हणाली." बोलता बोलता त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. "तिला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग मला कोणी बोललं नाही ते?"

"बोललो असू. डाव्या बाजूने बोललो असू."

बाबा हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मलाही रडू आवरेना, मग मी उगाचच खोकी उघडायला घेतली. आई असताना हा टेप लागला की ती बाबांना "माझा आवाज येतोय ना?" असं विचारायची, आणि मला वाटायचं, तिला त्या भांडणात फक्त स्वतःचा आवाज मोठा हवाय.

नवे स्पीकर बाबांनी स्वतः जोडले. मला वायर धरायलाही दिली नाही. डावी वायर त्यांनी उजव्या स्पीकरला लावली, उजवी डाव्याला. चौतीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नाही, ते शांतपणे केलं. मग जुन्या वायरींवरची लोकर नखाने सोडवली आणि नव्या वायरींवर बांधली. आईची दुहेरी गाठ त्यांना जमली नाही. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा कशीबशी बसली.

सहाला अजून वीस मिनिटं होती, तरी ते खुर्चीत जाऊन बसले. मी टेप सुरू केला.

"अगं, दोन टाके सोडलेस तू," आई उजवीकडून म्हणाली, अगदी कानाशी बसून बोलावं तशी. मावशीने काहीतरी उत्तर दिलं.

बाबांनी डोळे मिटले. "बघ," ते म्हणाले. "इतके महागाचे स्पीकर आणले, तरी तुझी मावशी पुटपुटतेच."