अहमदाबादहून आलेला डायोड

दुसऱ्यांच्या यंत्रांची काळजी वाहण्यात गजेंद्रचा हात धरणारा बडोद्याच्या सबंध रावपुऱ्यात कोणी नव्हता. गिऱ्हाइकानं सकाळी आणून टाकलेला स्टॅबिलायझर संध्याकाळी तयार. घरच्या यंत्रांची गोष्ट मात्र निराळी. घरचं काय, कधीही करता येतं!

घरचं यंत्र म्हणजे मांजलपूरच्या फ्लॅटमधला वडिलांचा संगणक. जयवंतराव दफ्तरखान्यातून निवृत्त झाल्यापासून बडोद्याच्या मराठी घरांतले शब्द गोळा करत होते. झोपाळ्याला हिंचका म्हणणारी माणसं एकेक करून चालली, जाताना शब्दही घेऊन जातील, या धास्तीनं हा गृहस्थ बावीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसला. चार हजारांवर शब्द कार्डांवर उतरले. कार्डांना उधई, म्हणजे वाळवी, लागली तेव्हा गजेंद्रनंच संगणक आणला, त्याची बायको निरुपमा दोन वर्षं रोज दुपारी टाइप करत बसली, आणि कार्डं रद्दीत गेली. "आता सगळं सुखरूप आहे, अण्णा," गजेंद्र तेव्हा छातीठोकपणे म्हणाला होता. सीडीवर एक प्रत काढून ठेवायची होती. तेही घरचंच काम, म्हणून राहिलं.

संगणकाच्या अलीकडे त्यानं स्वतः बनवलेला एक डबा जोडला होता. डब्यात हरभऱ्याएवढा काळा डायोड. विजेचा दाब एकदम उसळला की हा तो अंगावर घेतो. दाब फारच मोठा असला तर डायोड स्वतः जळतो, फ्यूज उडतो, यंत्र बंद पडतं, पण शाबूत राहतं. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात नेमकं तसंच झालं. नवा डायोड दुकानात नव्हता, अहमदाबादहून मागवावा लागणार होता.

"थांबू की चार दिवस. काही वांधा नाही," जयवंतराव म्हणाले.

शब्द तपासून कोश लावण्याचं काम 'ह'पर्यंत, म्हणजे जवळजवळ शेवटाला आलं होतं. म्हातारा बंद पडद्यासमोर हात बांधून बसलेला गजेंद्रला बघवेना. गिऱ्हाइकांकडे शंभरदा केलं होतं तेच त्यानं केलं. जळक्या डायोडचा पाय, म्हणजे जोडणीची तार, कटरनं कापून त्याला वाटेतून दूर केलं, नवा फ्यूज घातला, संगणक सुरू! सगळेच मेकॅनिक हे करतात. डायोडवाचून यंत्र वर्ष-वर्ष चालतं, म्हणून तर करतात.

पाचव्या दिवशी डायोड आला. गजेंद्रनं तो जपून शर्टाच्या खिशात ठेवला. तेवढ्यात छाणीच्या एका दवाखान्यातला माणूस बंद पडलेला मॉनिटर घेऊन दारात उभा राहिला. "गजेंद्रभाई, आजे ज जोईशे." आजच हवाय म्हणणाऱ्याला नाही म्हणणं गजेंद्रला कधी जमलंय? खिशातला डायोड मॉनिटरमध्ये गेला. घरासाठी दुसरा मागवायचा होता.

जूनच्या आठ तारखेला वाऱ्यानं फांदी पडून सोसायटीच्या खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि फ्लॅटमध्ये जवळजवळ दुप्पट दाब घुसला. निरुपमा अण्णांच्या दुरुस्त्या टाइप करत होती. ट्यूबलाइट भगभगली, संगणकातून धूर निघाला. सगळा कोश जिच्यात होता ती आतली डिस्क गजेंद्र स्वतः मुंबईला तज्ज्ञांकडे घेऊन गेला. तीन आठवड्यांनी ती पार्सलनं परत आली. तिच्यातलं एक अक्षरही वाचता आलं नव्हतं.

जयवंतराव रडले नाहीत. उलट निरुपमाचीच समजूत घालत बसले. "तू काय करणार, बाळ? वीज काय सांगून येते?" शेजारीपाजारी आले, त्यांनीही विजेला यथेच्छ शिव्या घातल्या. बापानं चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या, ही माया गजेंद्रला सोसवेना.

शेवटी एका रविवारी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अण्णा, ते माझ्यामुळे गेलं." मग त्यानं कापलेला पाय, अहमदाबादचा डायोड, दवाखाना, सगळं सांगून टाकलं.

जयवंतरावांनी चष्मा काढला. "डायोड बसवला असतास तर वाचलं असतं? नक्की?"

सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. ते उत्तर जिभेवर आलंही होतं.

"हो," गजेंद्र म्हणाला. "फ्यूज उडाला असता. बाकी काही झालं नसतं."

"आणि त्या दवाखान्याचा मॉनिटर? चालतो?"

"चालतो."

म्हातारा म्हणाला, "कशाला सांगितलंस रे? इतके दिवस विजेवर रागावत होतो, निभत होतं. आता तुझ्यावर कसा रागावू?"

आणि इतके दिवस न रडलेले जयवंतराव पोराच्या देखत हुंदके देऊन रडू लागले. गजेंद्रला पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तेवढा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हेच त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला.