मेंदूचे दाणे सांभाळणारा

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, कोंबडीच्या अंड्यांशी माझा काही संबंध नाही बरं का. मी प्रयोगशाळेत पेशी वाढवायचो. सदतीस अंश ऊब, मोजूनमापून हवा आणि ती दमट ठेवायला तळाच्या थाळीत पाणी, एवढाच माझा संसार. सगळे मला ‘म्हातारा’ म्हणत.

एकदा एक आई संशोधक बाईंना भेटायला आली. तिच्या धाकट्या मुलीचं डोकं जन्मापासूनच फार लहान होतं. माझ्या शेजारी उभं राहून तिने विचारलं, “पाचव्या महिन्यात मी जिन्यावरून पडले होते. माझ्यामुळेच झालं ना हे?”

“आत्ताच काही सांगता येणार नाही हो,” बाई म्हणाल्या.

बाईंनी धाकटीच्या आणि तुलनेसाठी तिच्या निरोगी मोठ्या बहिणीच्या त्वचेच्या थोड्या पेशी घेतल्या, त्यांना पुन्हा अगदी कोवळ्या रूपात आणलं आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशींचे मोहरीएवढे दाणे वाढवायला माझ्याकडे ठेवले. ते काही पूर्ण मेंदू नव्हते. पण पोटातल्या बाळाचा मेंदू कसा घडू लागतो, हे त्यांच्यात पाहता येत होतं. मी त्यांना जिवापाड जपलं. दार बंद झालं की मी त्यांच्याशी गप्पा मारायचो. उत्तर कुणी देत नसे, तरी मला सोबत वाटायची.

मग सुट्ट्या लागल्या. बाईंना वाटलं, थाळीत पाणी मदतनीस ताईंनी भरलं. ताईंना वाटलं, बाईंनी भरलं. थाळी कोरडी पडली. माझ्या दारावर ऊब आणि हवेचे आकडे दिसतात, ते अगदी बरोबर होते. पाणी संपल्याचं सांगणारा दिवा मला कुणी दिलाच नव्हता. दाण्यांभोवतीचा पोषक द्रव आटत गेला आणि सगळे दाणे मेले. त्या आईचं उत्तर आणखी एक वर्ष लांबलं.

“म्हाताऱ्याचा आता भरवसा नाही,” ताई म्हणाल्या. ते मला फार लागलं. नवा इन्क्युबेटर आला, त्यात नवे दाणे वाढू लागले आणि माझी रवानगी बाहेर व्हरांड्यात, बाकाशेजारी झाली. येणारे-जाणारे माझ्या डोक्यावर चहाचे रिकामे कप ठेवतात. माझं दार उघडून आत कुणी डोकावत नाही.

परवा ती आई त्या बाकावर येऊन बसली. बाई घाईघाईने बाहेर आल्या.

“मोठीच्या पेशींचे दाणे छान वाढले,” त्या म्हणाल्या. “धाकटीचे लहानच राहिले. अहो, ते तर डबीत वाढलेत. ते कुठे जिन्यावरून पडले होते? तुमचा काहीच दोष नाही.”

तेवढ्यात बाईंना आतून हाक आली आणि त्या गेल्या. मग आई रडू लागली. इतकी वर्षं हा दोष ती एकटीच वाहत होती. मित्रांनो, असं कुणी स्वतःला दोष देत बसलेलं दिसलं, तर उत्तर सापडेपर्यंत थांबू नका, आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.

व्हरांड्यात दुसरं कुणीच नव्हतं. तिने माझ्या दाराला कपाळ टेकलं. पण मला कुणी वीज जोडली नव्हती. मी गारच होतो.