आतड्याच्या टोकावरून

मी बोलतेय ती खालून, पार खालून. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. एका बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला बसलेली मी मज्जापेशी. मेंदूची सख्खी बहीण. हसू नका, खरं सांगतेय.

बाळ मसुराच्या दाण्याएवढंही नव्हतं, तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींचा एक पातळ पापुद्रा होता. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या, एकमेकींकडे झुकल्या, चिकटल्या. झाली नळी. वरचं टोक फुगून मेंदू झाला, बाकीची पाठीतली दोरी. आम्ही नेमक्या शिवणीवरच्या. आम्हाला जागाच उरली नाही. मग काय, निघालो.

कुणी चेहऱ्याच्या हाडांत शिरल्या, कुणी कातडीला रंग द्यायला गेल्या. आमच्या टोळीने आतडं धरलं. नुसतं चालणं. ज्या दमायच्या, त्या वाटेतच संसार थाटायच्या. आणि आतडं असं लबाड, आम्ही चालतोय तोवर स्वतःच लांब होत जायचं. मेंदू मात्र जन्मल्या जागेवरून हलला नाही, आणि हुशार म्हणे तो.

बाळ जन्मलं. एक दिवस उलटून गेला.

"बघ ना परत," आई म्हणाली.

"आत्ताच बघितलं. सू आहे, शी नाही," बाप म्हणाला.

"बापावर गेलाय," मावशी म्हणाली. "हातातलं काही सोडत नाही."

कुणी हसलं नाही. बाळाचं पोट ताणलं होतं, दूध नको म्हणून ते तोंड फिरवत होतं.

डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं. "कधी कधी मज्जापेशी आतड्याच्या टोकापर्यंत पोचतच नाहीत, मग शी पुढे सरकत नाही. तसं असेल तर ऑपरेशन करावं लागेल. दुपारपर्यंत बघू, मग तपासण्या."

"पोचल्या असतील ना हो?" आईने विचारलं.

"बहुतेक बाळांत पोचतात."

इकडे मी घसा फोडून सांगतेय, पोचलेय बाई. पण ऐकणार कोण? वाटेत चिकट काळा गोळा, बाळाची पहिलीवहिली शी, अडकून बसलेला. मी वरच्या बहिणींना निरोप धाडला: तुम्ही आवळा, मी इकडे सैल सोडते. आयुष्यातलं पहिलंच काम, शिकवलेलं कुणी नाही. आवळलं. सोडलं. पुन्हा आवळलं.

बाप बाळाला खांद्याशी धरून खिडकीपाशी उभा होता. दुपट्यातून त्याचा शर्ट आधी गरम झाला, मग काळा. तो तसाच थिजला. हललो तर थांबेल, अशी भीती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आली."

आईने त्या डागाला बोट लावून पाहिलं आणि रडता रडता हसायला लागली. मावशीने डॉक्टरबाईंना जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी पोट चाचपलं. मऊ. म्हणाल्या, "पोचल्यात की. आता दूध पाजा."

मेंदू मोठा होईल, चार पुस्तकं वाचेल, त्याचं कौतुक होईल. होऊ दे. तुमच्याही आत माझ्यासारखी एक बसलीये. सकाळी तिला घाई करू नका. फार लांबून चालत आलीये ती.