पंडिताबाईंचा जबडा

“पण काका, तुम्ही पाहिलंय का त्यांना?”

मूर्तिकाराच्या लेकीने विचारलं एकदाचं! दाराबाहेर तिच्या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. ‘विचारून दाखव, मग मानू तुला,’ हे त्यांचंच.

पुतळ्यांच्या कारखान्यात वाचनालयाचे अध्यक्ष चष्मा काढून तिच्याकडे बघतच राहिले. बाबांनी कपाळाला हात लावला आणि कपाळभर माती झाली.

समोर ओल्या मातीचा अर्धपुतळा होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या पंडिताबाईंचा. भल्याभल्यांना वादात गप्प करणारी बाई! तिचे ग्रंथ राहिले, चित्र मात्र एकही नाही. त्यामुळे बाबांनी चेहरा मनानेच घडवला होता, आणि अध्यक्षांना तो मुळीच पसंत नव्हता.

“पाहिलं नाही,” ते म्हणाले. “पण विदुषी म्हटलं की चेहरा कसा नाजूक हवा. हा जबडा बघा! बाई ग्रंथ लिहितेय की पोती उचलतेय?”

“गोल करून देतो, साहेब,” बाबांनी कोरणी उचलली.

लेक पुतळ्याजवळ सरकली. तो जबडा तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता. तिच्या स्वतःच्या तोंडावरही तोच होता, आणि शाळेच्या प्रत्येक फोटोत ती तो तळहाताने झाकत आली होती. पण या मातीच्या बाईला तो काय शोभत होता!

तेवढ्यात मागच्या दाराने आई आली. खांद्यावर प्लास्टरचं पोतं, दात आवळलेले.

“सरका, सरका! वाटेत काय उभे राहिलात सगळे?”

पोतं धप्पकन खाली आलं. पांढऱ्या धुरळ्यात अध्यक्षांनी आईकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग पुन्हा आईकडे.

बाबांनी कोरणी खाली ठेवली. “साहेब, ग्रंथ लिहिणं हेही ओझंच की. उचलताना हिचं तोंड असं होतं. वाटलं, त्यांचंही होत असेल.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “समितीपुढे ठेवतो. तोवर हात लावू नका.” जाताना त्यांनी आईला वाट करून दिली.

“अगं बाई! मला बसवलंत होय तिथे?” आई उसळली. “विचारायचं तरी! लोक हसतील. टाका गोल करून, माझं काय जातंय?”

असं म्हणाली खरी, पण हलली नाही. एका बोटाने पुतळ्याची हनुवटी चाचपली, मग हळूच स्वतःची.

ते पाहून लेक पुढे आली.

“बाबा, समितीपुढे मी बोलणार.”

“तू? अगं, मोठी माणसं असतात तिथे!”

“असू देत. ठरलंय माझं. आणि आई, तू माझ्या शेजारी बसायचंस. मान वर करून.”