टोपलीखालचं पीठ

माझी आजी नवसाबाई गेली तेव्हा ललितमामानं पेपरात तिच्या फोटोखाली ‘आदर्श गृहिणी’ छापून आणलं. गृहिणी! अर्ध्या इंदिरानगरची पोरं जिच्या मांडीवर झोपून मोठी झाली, ती नुसती गृहिणी? ‘पाळणाघर चालवायची’ एवढं लिहायला साहेबाचा हात अडखळला. मी तो पेपर चुरगळून फेकला. आजही फेकीन.

पाळणाघर तिनं एक्क्याण्णव साली काढलं. मळ्यात प्लॉट पडले, बाजारात भाजी न्यायचं थांबलं, आणि तिला रिकामं बसवेना. पहिलं पोर घरात होतंच, ते म्हणजे मी, तेव्हा दहा वर्षांची. माझी आई मला तान्ही ठेवून गेली, बापानं दुसरं लग्न केलं, आणि ‘ही माझी’ म्हणून आजीनं मला उचलून आणलं. मग शेजारच्या शिक्षिकाबाईंचा मुलगा आला, मग कंपनीत जाणाऱ्या बायांची पोरं. भाजीच्या रिकाम्या टोपल्या तिनं भिंतीशी पालथ्या घातल्या आणि त्यांच्याखाली खेळणी ठेवली. पोर आलं की सरळ टोपलीकडं पळायचं. रोज तोच मोडका ट्रक निघाला तरी खिदळायचं.

तोंडानं फटकळ होती. एकदा एक बाई म्हणाली, “आजी, तुमच्याकडं भांडीवालीची मुलगी येते ना, तिला जरा बाजूला बसवाल का?” आजी भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, “मला दुसरं घर नाय. पटत नसंल तर फाटक तिकडं हाय.” बाईनं पोरगा नेला. महिन्याभरात परत आणून सोडला. आजी त्याला घास भरवत म्हणाली, “ये रं वाघा, वाळलास की!” बस, एवढंच. त्याच्या आईला एका शब्दानं टोचलं नाही.

दोन हजार चारच्या थंडीत ती झोपेतच गेली. मामा पुण्याहून आला. घर त्याच्या नावावर. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “साधना, हे पोरांचं आता बंद. भाडेकरू बघितलाय मी. तू चल आमच्याकडं.” मी तोवर सात वर्षं आजीच्या बरोबरीनं पोरं सांभाळत होते, पण ते कुणी विचारतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी राख सावडायला गेली. आजी जिथं गेली त्या जागी चिमणाआजीनं, म्हणजे आजीच्या नणंदेनं, ताटात पीठ पसरून वर टोपली झाकली होती. दिवा बाजूच्या पाटावर. माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याचा ठसा पिठात उमटतो म्हणतात. मंडळी परतली की टोपली उचलायची होती.

तेवढ्यात फाटकाशी शुभांगी दिसली. दवाखान्यात नर्स, नवी नोकरी. कडेवर दीड वर्षाची ओवी. “साधनाताई, कळतंय गं मला, सुतक आहे. पण आज नाही गेले तर उद्यापासून येऊ नको म्हणालेत.” रडतच होती. मी ओवीला घेतलं. चिमणाआजी मागं आंघोळीला गेली होती आणि खरं सांगू, ती समोर असती तरी घेतलं असतं.

दूध कोमट करून आले तर ओवीनं टोपली कलंडवलेली आणि उजवा पाय ताटात! तिचं काय चुकलं? टोपलीखाली खेळणीच असतात. मी तिला उचललं, टोपली जागेवर ठेवली आणि दूध पाजून आतल्या खोलीत निजवलं.

मंडळी आली. चिमणाआजीनं टोपली उचलली आणि किंचाळलीच. “अगं बया! पाय! पाची बोटं दिसतायत! मनुष्यजन्म मिळाला माझ्या वहिनीला!” सगळे हात जोडून रडायला लागले. मामा गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, राहू दे. कुणाचं काय जातंय? तीन दिवसांत पहिल्यांदा घरात जरा बरं वाटत होतं.

आणि मामा डोळे पुसत म्हणाला, “सुटली बिचारी. लोकांच्या पोरांच्या कटकटीतून सुटली एकदाची.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“कटकट? मामा, तो ओवीचा पाय आहे. शुभांगीच्या ओवीचा. मी घेतलं तिला घरात.”

मग मामा ताडकन उठला. “सुतकात? परक्याचं पोर? तुला लाज नाही?”

“नाही. आजीनं शिकवलीच नाही. आणि परकं कोण? तुम्ही वर्षातून एकदा दिवाळीला यायचात, ती रोज यायची.”

“साधना!” चिमणाआजी ओरडली.

मामा ताटाकडं बघत राहिला. बाकीचं पीठ तसंच सपाट होतं. त्याचा आवाज एकदम लहान झाला. “मग आईचा ठसा कुठंय?”

मला त्याची दया आली. राग गेला नाही, पण दया आली. काही बोलणार तोच दारात ओवी उभी. एवढ्या आवाजानं जागी झालेली, एक पाय अजून पांढरा. तिनं सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली. तिला हवं ते तोंड त्यात नव्हतं.

“आज्जी?” तिनं विचारलं.

मोठी मोठी माणसं बसली होती. चिमणाआजीनं पदर डोळ्यांना लावला. मामानं तोंड फिरवलं. शेवटी मीच गेले, तिला कडेवर घेतलं. आजीच्या नावानं मी तोवर रडले नव्हते. तेव्हा रडले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

“आजी गेली, ओवी. आता मी आहे.” आणि मामाकडं वळून म्हणाले, “उद्या सकाळी फाटक मी उघडणार. तुम्हाला बंद करायचं असेल तर त्या बायांच्या समोर उभं राहून करा.”

सकाळी फाटकाशी चार बाया पोरं घेऊन उभ्या होत्या. मी फाटक उघडलं. मामा आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही.